तोफबाई, कुजबुजराव आणि राहून गेलेला प्रश्न

तोफबाईंना हळू बोलता येत नसे. प्रयत्न त्यांनी केले होते, अगदी मनापासून केले होते, पण देवाने घशात जे बसवून पाठवलं होतं त्यापुढे त्यांचा इलाज चालत नव्हता. वडिलांची पिठाची गिरणी, घर गिरणीच्या माथ्यावर आणि घरात भावंडांचा हा गोतावळा. त्या घरात जो हळू बोलला तो उपाशी राहिला. पुढे मुलगी शिकली, नर्स झाली, वॉर्डची मुख्य सिस्टर झाली, केस पिकायला लागले, पण आवाज गिरणीतलाच राहिला. बाई वरच्या मजल्यावर "बेडपॅन!" म्हणाल्या की खाली चौकशीच्या खिडकीत बसणारी मुलगी दचकायची. तोफबाई हे नाव कुणा पेशंटने ठेवलं की डॉक्टरांपैकी कुणी, याचा पत्ता कधी लागला नाही. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

आवाज सोडला तर बाईंचं बाकी सगळं मऊ. सुई अशी टोचायच्या की पेशंट विचारायचा, "झालं? कधी?" नातेवाइकांना फैलावर घ्यायच्या आणि पाठ वळली की त्याच नातेवाइकांना बसायला स्टूल पाठवायच्या. लग्नाचं म्हणाल तर ते राहून गेलं होतं. आधी भावंडांची झाली, मग आईचं आजारपण आलं, आणि आई गेली तेव्हा एकटं राहायची इतकी सवय झाली होती की घरात दुसरं माणूस आलं तर त्याला कुठल्या खुर्चीवर बसवायचं हाच प्रश्न पडावा. दोन खोल्या, एक रेडिओ आणि खिडकीत चार कुंड्या. "मला काय कमी आहे?" असं त्या विचारायच्या, आणि त्या इतक्या मोठ्याने विचारायच्या की समोरच्याला "काही नाही" असंच म्हणावं लागायचं.

आता कुजबुजरावांकडे वळू, कारण गोष्ट दोघांची आहे.

कुजबुजराव म्हणजे हॉस्पिटलचे फार्मासिस्ट. तळमजल्यावर औषधांच्या फडताळांमध्ये त्यांची जागा. उंच, सडपातळ, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि आवाज असा की माणसं अर्धं अंग खिडकीतून आत घालून ऐकायची. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी संसारात रमलेली. ती फोनवर "बाबा, जरा मोठ्यानं" म्हणायची, आणि बाबा "मोठ्यानंच बोलतोय गं" असं तिला ऐकू न येईल अशा बेताने म्हणायचे.

या दोघांची गाठ घालून दिली ती रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी. हसू नका, अक्षरशः तसंच झालं.

ही औषधं मोठी खोडकर. कमी पडली तर रक्ताची गाठ होते आणि ती कुठेही जाऊन अडकते. जास्त झाली तर माणसाला आतल्या आत रक्तस्राव होतो आणि बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून हॉस्पिटलात नियम होता की असलं इंजेक्शन एकट्याने द्यायचं नाही. दोघांनी पेशंटच्या उशाशी उभं राहून मोठ्याने तपासायचं. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. कोणाला? काय? किती? कशासाठी? आणि शेवटचा प्रश्न थेट पेशंटला: "घरून रक्त पातळ करायची काही गोळी घेता का?" कारण घरची गोळी आणि इथलं इंजेक्शन एकत्र झालं की डबल डोस, आणि मग जे व्हायला नको तेच होतं.

तपासणारा दुसरा माणूस फार्मासिस्टच हवा असं काही नियमात नव्हतं. शेजारची सिस्टरही चालली असती. पण मोठ्या डोसची वेळ आली की कुजबुजराव खालून जिना चढून यायचे. लिफ्ट होती, तरी जिना चढायचे. धापा टाकत यायचे, चष्मा सारखा करायचे आणि पुटपुटायचे, "कोणाला?" बाई तोफ डागायच्या. "काय?" पुन्हा तोफ. त्यांचा प्रश्न कुणाला ऐकू यायचा नाही, पण बाईंच्या उत्तरावरून सगळ्या वॉर्डला कळायचा. वर्षानुवर्षं चाललेला हा कार्यक्रम पेशंट लोक गाण्याची मैफल ऐकावी तसा ऐकायचे. इतका सराव झाला होता की राव विचारायच्या आधी बाईंचं उत्तर यायचं आणि बाईंनी आकडा म्हणायच्या आधी राव मान डोलवायचे. वर बाई त्यांना "अहो फार्मासिस्ट" अशी हाक मारायच्या, आणि घाईत असल्या की नुसतंच "अहो". त्या "अहो"वर सगळा वॉर्ड गालातल्या गालात हसायचा. हसायचे नाहीत ते फक्त हे दोघं, कारण त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

लक्षात आलं ते आधी रावांच्या. कसं आलं कोण जाणे. कदाचित जिना चढताना आलं असेल.

त्या सकाळी खिडकीजवळच्या खाटेवर बसवाले काका होते. जन्मभर बस चालवलेला माणूस, बसल्या जागी अजूनही उजवा पाय ब्रेकवर असल्यासारखा दाबायचे. तोच पाय सुजून टम्म झाला होता. आत रक्ताची गाठ असावी अशी डॉक्टरीणबाईंना शंका होती, आणि तपासणीचा निकाल यायच्या आधीच सावधगिरी म्हणून त्यांनी इंजेक्शन सुरू करायला सांगितलं होतं. मोठा डोस. म्हणजे राव जिना चढून येणार हे ठरलेलं. काकांची बायको, काकू, सकाळी लवकर येऊन त्यांचं तोंड धुऊन, कपडे बदलून, मांजराला दूध घालायला घरी गेल्या होत्या.

राव आले. त्या दिवशी जरा जास्तच धापा टाकत होते. भांग नवा पाडला होता आणि शर्टाच्या खिशात पेन नव्हतं, हे बाईंनी पाहिलं, पण हातात सिरिंज असताना कुणाच्या भांगाचा विचार करायचा नाही ही त्यांची शिस्त.

"कोणाला?"

काकांनी स्वतःचं नाव सांगितलं, बाईंनी त्यांच्या मनगटावरची पट्टी वाचून दाखवली.

"काय?" सांगितलं. "किती?" सांगितलं. "कशासाठी?" तेही सांगितलं.

मग राव थांबले. चष्मा काढला, परत घातला. काका खाटेवर टक लावून बघत होते, कारण आता प्रश्न त्यांना येणार हे त्यांना आधीच समजावून ठेवलेलं होतं. पण राव काकांकडे वळलेच नाहीत. बाईंकडे बघत, पुटपुटल्यासारखं, पण पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू येईल असं ते म्हणाले, "सिस्टर, माझ्याशी लग्न कराल?"

बाईंच्या तोंडून उत्तर गेलं ते सवयीने गेलं. राव विचारणार आणि बाई तोफ डागणार, वर्षानुवर्षांचा शिरस्ता. "हो!" भिंतीवरचं कॅलेंडर हललं असं शेजारच्या खाटेवरचा पेशंट पुढे शपथेवर सांगायचा. आणि "हो" म्हणून झाल्यावर बाईंना कळलं की आपण काय म्हणालो, आणि कळल्यावरही ते परत घ्यावंसं वाटेना. कान तापले, गाल तापले. हात मात्र शहाणे. हातांनी काकांच्या पोटावरची जागा पुसली, चिमटीत धरली आणि इंजेक्शन देऊन टाकलं. इतकं हलकं इंजेक्शन बाईंनी उभ्या आयुष्यात दिलं नसेल.

काकांना ते टोचलंसुद्धा नाही, कारण काका आनंदाने वेडे झाले होते. "अरे वा! अरे वा रे वा!" म्हणत ते ताडकन उठून बसले, टाळ्या पिटायला हात वर केले आणि डोकं सलाइनच्या स्टँडवर आपटलं. ठण्ण! सगळा वॉर्ड हसला. काका स्वतः सगळ्यात जास्त हसले. टाळूवर टेंगूळ आलं, बाईंनी त्यावर बर्फ धरला, आणि बर्फ धरताना त्यांना इतकं हसू येत होतं की पाणी काकांच्या मानेवरून ओघळून उशी भिजली.

पुढची सकाळ कशी गेली हे बाईंना सांगता आलं नसतं. त्या चालत होत्या की तरंगत होत्या देव जाणे. थर्मामीटर झटकताना गुणगुणत होत्या. कुणी म्हणालं चहा गोड झालाय, तर "होऊ दे!" म्हणाल्या. घरी माणूस आलं तर खिडकीजवळची खुर्ची त्याला द्यायची आणि आपण रेडिओजवळ बसायचं, इथपर्यंत त्यांचं मनातल्या मनात ठरूनही गेलं. राव खाली गेले होते, पण काही ना काही विसरल्याच्या निमित्ताने दर थोड्या वेळाने वर येत होते. एकदा रिकामा ट्रे न्यायला आले आणि ट्रे न घेताच गेले.

दुपारी काकू परतल्या. लहान चणीच्या, पदर खोचलेल्या, हातात पिशवी. काकांनी त्यांना बसूही दिलं नाही. हातवारे करून, नकला करून सगळी कहाणी सांगितली, टेंगूळ दाखवलं. काकूंनीही कौतुकाने बाईंच्या पाठीवर हात फिरवला. "बरं झालं हो. मला तर पहिल्या दिवशीच वाटलं होतं, लिफ्ट असताना याला जिना का लागतो?" मग पिशवीतून एक लहानशी डबी काढून उशाशी ठेवली. "यांची संध्याकाळची गोळी हाताशी ठेवते. सकाळची मी जाताना दिली होती."

"कुठली गोळी?" बाईंनी हसत हसतच विचारलं.

"ही हो. हृदयाची. ठोके चुकतात ना यांचे, म्हणून." आणि काकूंनी डबी उघडली.

राव नेमके तेव्हा ट्रे न्यायला आले होते. त्यांनी डबीत वाकून पाहिलं. रोज शेकड्यांनी गोळ्या हाताळणारा माणूस, त्याला ती गुलाबी टिकली लांबूनही ओळखू आली असती. ठोके चुकणाऱ्या माणसाच्या हृदयात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून देतात ती गोळी. रक्त पातळ करायची.

"डॉक्टरांना बोलवा!" कुजबुजराव ओरडले. खरंच ओरडले. वॉर्डमधली सगळी डोकी वळली, कारण हा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. बाईंनी तोंड उघडलं तर त्यांच्या घशातून वाराही फुटेना.

घरची गोळी सकाळी. त्यावर इथलं इंजेक्शन, मोठा डोस. आणि त्यावर टाळूवर बसलेला लोखंडी स्टँडचा फटका. बाईंच्या डोक्यात तिन्ही गोष्टी एका ओळीत उभ्या राहिल्या. कवटीच्या आत एवढीशी शीर फुटली असली तर रक्त थांबणार कशाने? थांबवायची ताकद तर दोघांनी मिळून काढून घेतली होती.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. तरुण होत्या, पण डोकं थंड. "घरून हृदयाची गोळी चालू आहे असं काका मला म्हणाले होते," त्या म्हणाल्या आणि ओठ चावला. "कोणती, हे मी विचारलं नाही. चला, आधी डोक्याचा स्कॅन. गोळी आणि इंजेक्शन, पुढचे दोन्ही डोस बंद. उतारा तयार ठेवा." राव उताऱ्याच्या बाटल्या आणायला गेले, आणि उतरताना एकेक पायरी गाळत गेले.

स्कॅन झाला. आत काही दिसलं नाही. "आत्ता दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण अशा वेळी उशिराही सुरू होतं. संध्याकाळी परत स्कॅन करू. तोवर यांच्यावरून नजर हलवायची नाही."

झालं. काकांची राजेशाही सुरू झाली. खाटेला चारही बाजूंनी उशा लागल्या. दाढी करायची नाही, दात घासायचे नाहीत, नाक शिंकरायचं नाही, उठायचं नाही. "शिंक आली तर?" काकांनी विचारलं. "आलीच तर हळू शिंका," बाई म्हणाल्या. आवाज थोडा परत आला होता. "टाळी?" "अजिबात नाही!" बाकीचे पेशंट स्वतःची दुखणी विसरून काकांच्या पहाऱ्याला लागले. काकांनी नाकाकडे नुसता हात नेला की तिकडून कुणीतरी "ओ काका!" म्हणून दटावायचं. काका एकदा मोठ्याने हसले तर समोरच्या खाटेवरून "हसू नका हो, सांभाळा!" अशी ओरड झाली, त्यावर त्यांना आणखी हसू आलं आणि बाईंचा जीव वरखाली झाला. माणूस मरणाच्या दारात आहे की नाही हे ठाऊक नाही आणि तोवर सगळे हसण्यावर पहारा देताहेत, असा तो प्रकार.

दर थोड्या वेळाने बाई त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारायच्या, हात दाबायला लावायच्या आणि शुद्ध तपासायला विचारायच्या, "काका, आपण कुठे आहोत?"

"हॉस्पिटलात. तुमच्या साखरपुड्यात."

"मी कोण?"

"नवरी."

"आणि हे?"

"हे? हे उतारा घेऊन बसलेत." राव खरंच बाटल्यांचा ट्रे मांडीवर घेऊन खाटेच्या पायथ्याशी बसले होते. त्यांच्या कपाळाला घाम आला होता आणि पुसायचं भान नव्हतं.

मग उन्हं कलली आणि काका एकदम गप्प झाले. बाईंनी विचारलं, "काका, कुठे आहोत?" उत्तर नाही. पापण्या मिटलेल्या, तोंड किंचित उघडं. "काका!" बाईंनी खांदा हलवला. काही नाही. काकूंच्या हातातला पेला खाली पडला. राव उभे राहिले, ट्रेमधल्या बाटल्या किणकिणल्या. बाईंनी सगळा जीव एकवटून, गिरणीतल्या त्या घशाची उरली सुरली ताकद लावून हाक मारली, "काकाऽऽ!"

काकांनी एक डोळा उघडला. "काय आहे? काल रात्रभर त्या पलीकडच्या गृहस्थाने घोरून झोपू दिलं नाही. जरा डोळा लागला होता." आणि कूस बदलून परत घोरायला लागले.

पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "घोरतो मी?" आणि सगळ्यांना असं काही हसू सुटलं की डॉक्टरीणबाईंनाही भिंतीचा आधार घ्यावा लागला. बाईसुद्धा हसल्या. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की आपण रडतोय.

तेव्हा त्यांनी काकूंना बाजूला नेलं. कॉरिडॉरमध्ये हातगाडी उभी होती, तिच्या आडोशाला. सांगायला हवंच होतं. डॉक्टरीणबाईंना त्यांनी दुपारीच सगळं सांगितलं होतं, पण नवरा ज्यांचा होता त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"काकू, चूक आमची आहे. तो शेवटचा प्रश्न काकांना विचारायचा होता. घरून रक्त पातळ करायची गोळी घेता का, हा. विचारलाच नाही. त्या जागी..." बाईंनी हातगाडीची दांडी धरली. "त्या जागी ते लग्नाचं झालं. मी हो म्हटलं आणि सुई दिली."

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं माणूस गेलं असतं."

"हो."

"आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला."

बाईंनी मान खाली घातली. त्यांना कुणी फैलावर घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. काकू तशाच आत निघून गेल्या आणि काकांच्या खाटेशेजारी, बाईंकडे पाठ करून बसल्या. ती पाठ बाईंना त्या दिवसातल्या सगळ्यापेक्षा जास्त लागली.

दिवेलागणीला दुसरा स्कॅन झाला. डॉक्टरीणबाई स्वतः जिन्यावरून धावत वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "स्वच्छ! काही नाही! आणि पायात गाठही नाही, नुसती सूज आहे!" वॉर्डमध्ये जो जल्लोष झाला तो बाहेरच्या रस्त्यावर ऐकू गेला असेल. काकांनी दोन्ही हात वर केले, तेवढ्यात काकूंनी ते हवेतच पकडले. "टाळी नाही. गोळीचा आणि सुईचा असर अजून जायचाय."

राव बाईंजवळ आले. मांडीवरच्या ट्रेचा ठसा पँटवर उमटला होता. कुजबुज परत जागेवर आली होती. "सिस्टर, मी ते तिथे विचारायला नको होतं. तुमचं उत्तर परत घ्यायचं असेल, तर मी समजेन."

"परत घेणार नाही!" तोफ उडाली. "पण यापुढे माझ्या सुईला तुम्ही तपासणीला यायचं नाही. मी काय म्हणणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं, तुम्ही काय विचारणार ते मला. त्याला तपासणी म्हणतात का? माझ्यावर जराही विश्वास नसलेलं माणूस पाठवा."

"मग मी जिना कशासाठी चढू?"

"मला भेटायला चढा की!"

शेजारच्या खाटांवर पुन्हा खसखस पिकली. पण बाईंचं लक्ष तिकडे नव्हतं. त्यांना सकाळपासून एकच टोचत होतं, ते झाल्याशिवाय आज घरी जायचं नव्हतं. त्या काकांच्या उशाशी उभ्या राहिल्या, पाठ ताठ केली आणि जो प्रश्न राहून गेला होता तो शब्दन् शब्द, नियमात लिहिलाय तसा विचारला. "काका, घरून रक्त पातळ करायची काही गोळी घेता का?"

"छे!" काका म्हणाले. "माझ्या रक्ताला काय धाड भरलीय? चांगलं आहे ते. एक हृदयाची घेतो, बस."



राव म्हणाले, "म्हणजे..." पुढचं बाईंनाही कळलं होतं. सकाळी सगळं शिस्तीत झालं असतं, लग्नाचं नाव कुणी काढलं नसतं, प्रश्न विचारला गेला असता, तरी काका "छे" म्हणाले असते, रावांनी मान डोलवली असती आणि सुई तशीच गेली असती. क्षणभर बाईंना सुटल्यासारखं वाटलं. पण क्षणभरच. कारण मग इतकी वर्षं, इतक्या खाटांशी उभं राहून, इतक्या मोठ्याने त्या जे विचारत आल्या होत्या आणि लोक "छे" म्हणत आले होते, त्या सगळ्या "छे"चं काय? त्यातल्या किती जणांना हृदयाची, ठोक्याची, डॉक्टरांनी दिलेली, लहानशी, गुलाबी एक गोळी चालू होती? त्यांना स्टँड लागला नाही इतकंच.

"यांना काय विचारतेस?" काकू म्हणाल्या. पाठ अजून पूर्ण वळली नव्हती, पण मान वळली होती. "यांना स्वतःचे मोजे कुठल्या खणात आहेत ते माहीत नाही. गोळ्या मी देते. मी सकाळी इथेच होते. मला एकाने विचारलं नाही."

बाईंनी काकूंच्या हातातली डबी दोन्ही हातांनी घेतली, नीट पाहिली आणि रावांना दिली.

दाराजवळच्या खाटेवर दुपारी एक आजोबा नव्याने दाखल झाले होते. त्यांनाही त्याच जातीचं इंजेक्शन लिहिलेलं होतं. तपासायला शेजारच्या वॉर्डमधली एक सिस्टर आली, बाईंचं आणि तिचं कधीच पटलं नव्हतं, म्हणून तिलाच बोलावलं होतं. कोणाला, काय, किती, कशासाठी, सगळं झालं. आजोबा पुढच्या प्रश्नासाठी सज्ज होऊन बसले.

पण बाई त्यांच्याकडे वळल्या नाहीत. खाटेमागे, भिंतीला टेकून, थर्मास आणि पिशवी धरून त्यांची सून उभी होती. आल्यापासून कुणाच्या वाटेत येऊ नये म्हणून ती अंग चोरून उभी होती.

"बाळ," बाई म्हणाल्या, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज हळू निघाला, "आजोबांच्या गोळ्या घरी कोण देतं?"

सुनेने इकडेतिकडे पाहिलं. प्रश्न आपल्यालाच आहे याची खात्री पटायला तिला वेळ लागला. मग तिने थर्मास खाली ठेवला.

"मी," ती म्हणाली, आणि पिशवी उघडली.